पळतीचा खेळ

आमच्या मामांच्या लेखी हेवीवेट बॉक्सिंगचा सगळा इतिहास ९१ सेकंदांचा आहे. २७ जून १९८८, अटलांटिक सिटी. माइक टायसनसमोर मायकेल स्पिंक्स आला, तोपर्यंत एकही लढत न हरलेला. एकदा गुडघ्यावर बसला, उठला, पुन्हा पडला आणि मग उठलाच नाही. मामा तेव्हा खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये होते. कोणीतरी त्या लढतीची कॅसेट पैदा केली, कुठूनतरी व्हीसीआर आणला आणि वीस-पंचवीस जवान मांडी घालून टीव्हीसमोर बसले. "चहा सांगायला गेलेला गडी परत यायच्या आत खेळ खलास," मामा आजही सांगतात. "कॅसेट लावायलाच जास्त वेळ लागला हुता."

मामा स्वतः पलटणीत बॉक्सिंग खेळलेले आहेत. नाकाचं हाड त्याची साक्ष देतं. त्यामुळे घरात या विषयावर त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. मी बोलते. मी आयुष्यात कोणाला बुक्की मारलेली नाही (धाकटा भाऊ वगळता), पण शाळेच्या खो-खो संघात सहा वर्षं होते आणि माझा मान पळतीचा होता. बसणाऱ्यांत मी सुमारच. आमच्या बाईंनी मला पहिल्या तुकडीत ठेवलं होतं ते एकाच कारणासाठी: मी सापडत नसे.

२०२४च्या मे महिन्यात सुट्टीला वाईजवळ मामांकडे गेले होते, तेव्हाच रियाधला ऑलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीला हरवलं. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट होती. फ्युरी सहा फूट नऊ इंच, २६२ पौंड. उसिक सहा तीन आणि जवळजवळ चाळीस पौंडांनी हलका. सकाळी ओट्यावर बसून आम्ही फोनवर त्या लढतीचे तुकडे पाहिले आणि वाद सुरू झाला. वाद जुनाच. मामा म्हणाले, ह्यो उसिक चांगला हाय, पण समोर माइक टायसन असता तर? टायसनपुढे असल्या पळणाऱ्यांचं काय चाललं असतं?

"हेवीवेटमधी पळून कोण जिंकलंय, पोरी?"

इंग्रजी समालोचक अशा बॉक्सरला 'स्लिक' म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही, असं मला बरीच वर्षं वाटायचं. 'चपळ' म्हटलं की पाय येतात, डोकं राहतं. 'तंत्रशुद्ध' म्हटलं की गावसकर डोळ्यांपुढे येतो. मग लक्षात आलं की विशेषण नसलं तरी क्रियापद आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे: हूल देणं. खो-खोच्या मैदानावर दिवसातून शंभरदा ऐकलेला शब्द. ज्याला हूल देता येते आणि समोरच्याची हूल ओळखता येते, तो स्लिक.

खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा खांदा वळवून दिशा घेतली की खुंटापर्यंत त्याला उलटं फिरता येत नाही. सगळी पळती या एका नियमावर उभी आहे. वेगाने धावणं हा त्यातला कमी महत्त्वाचा भाग. खरी मेख अशी, की खांदा असा टाकायचा की पाठीमागचीने चुकीच्या बाजूला दिशा घ्यावी, मग आपण निवांत दुसऱ्या बाजूने निघायचं. आमच्या संघात माझ्यापेक्षा वेगाने पळणाऱ्या तीन मुली होत्या आणि तिघी माझ्याआधी बाद व्हायच्या.

ठोसा मारणाऱ्यालाही असाच दिशेचा नियम आहे, फक्त तो कोणी लिहून ठेवलेला नाही. हेवीवेटचा जोरदार उजवा ठोसा हातातून निघत नाही, मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो. पाय रोवावा लागतो, कंबर फिरते, वजन मागून पुढे येतं. वजन एकदा पुढच्या पायावर आलं की ते परत बोलावता येत नाही. म्हणून हूल द्यायची ती ठोसा निघण्याच्या आधी, पाय रोवला जात असताना. बिचारा अर्धा रोवतो, थांबतो, पुन्हा रोवतो. दहा वेळा असं झालं की मारणारा न मारताच दमायला लागतो, आणि मुख्य म्हणजे स्वतःवरच संशय घ्यायला लागतो. टायसनच्याच बाबतीत पाहा. मे १९८६मध्ये जेम्स टिलिस नावाचा बॉक्सर, टोपणनावच 'क्विक', त्याच्यापुढे दहा राउंड टिकला. टायसनला व्यावसायिक कारकिर्दीत पूर्ण अंतर खेळायला लावणारा तो पहिला. टिलिस हरला, पण त्या दहा राउंडांत टायसन हा माणूस आहे, वीज नव्हे, हे दिसलं.

मामांनी टिलिसला एका हाताने उडवून लावलं. "हरलाच ना?"

म्हणून मग मी त्यांना बिली कॉनची गोष्ट सांगितली.

१८ जून १९४१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स मैदान. जगज्जेता जो लुई. १९३७ ते १९४९ अशी बारा वर्षं त्याने हेवीवेटचं पद सांभाळलं आणि २५ वेळा राखलं. हा आकडा हेवीवेटमध्ये अजून कोणी ओलांडलेला नाही. त्या हिवाळ्यापासून तो दर महिन्याला एक याप्रमाणे आव्हानवीर निकालात काढत होता. वर्तमानपत्रांनी त्या मालिकेला चेष्टेचं नाव ठेवलं होतं, ज्याचा साधारण अर्थ 'या महिन्याचा बावळट'. डिसेंबर ते मे सहा झाले होते. कॉन सातवा.

कॉन पिट्सबर्गचा आयरिश पोरगा, वय २३, देखणा, तोंडाळ. मूळचा लाइट हेवीवेटचा विजेता. मोठ्या गटात लढण्यासाठी ते पद त्याने सोडून दिलं होतं. वजनाचा जाहीर झालेला आकडा १७४ पौंड, आणि तोही प्रवर्तकाने लोकांना फरक फार वाटू नये म्हणून फुगवलेला होता असं म्हणतात. लुई १९९ आणि अर्धा. म्हणजे कागदावरचाच फरक साडेअकरा किलोंचा, अंदाजे एका भरलेल्या कळशीचा. कळशी डोक्यावर घेऊन चालणं वेगळं, ती कोणी आपल्या जबड्यावर आपटणं वेगळं.

पहिल्या दोन राउंडांत लुईने त्याला चांगलंच घेतलं. तिसऱ्यापासून कॉनला ताल सापडला. तो लुईभोवती फिरत होता, पण लांबून नव्हे. अशा खेळाबद्दल लोकांचा इथेच गैरसमज होतो. लांब पळणाऱ्याला लुई कोपऱ्यात गाठायचा आणि संपवायचा. त्याचे पाय छोटी छोटी पावलं टाकत जागा आवळत आणायचे. कॉन मात्र जवळच असायचा, फक्त नेमका रेषेबाहेर. डावा हात दोन-तीनदा टोचून जायचा आणि उत्तर येईपर्यंत पोरगा अर्ध्या पावलाने सरकलेला असायचा. मधे लुईने परत उचल खाल्ली. आठव्यापासून मात्र खेळ पुन्हा कॉनचा झाला आणि बाराव्यात त्याच्या डाव्या हुकने लुई चक्क हेलकावला. पन्नास हजारांहून जास्त माणसं उभी राहिली. जो लुई लडखडतोय हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं.

बाराव्याअखेर तीन पंचांपैकी दोघांच्या कागदावर कॉन पुढे होता, तिसऱ्याकडे बरोबरी. लढत १५ राउंडांची. उरले तीन, म्हणजे नऊ मिनिटं. खो-खोचा एक डाव!

लुईच्या कोपऱ्यात त्याचा प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्नने त्याला सरळ सांगितलं की तू हरतोयस, आता पाडल्याशिवाय गत्यंतर नाही. कॉनच्या कोपऱ्यात जॉनी रे विनवत होता की लांब राहा, खेळ, लढत तुझ्याच खिशात आहे. कॉन म्हणाला, नाही, मी याला पाडणार.

आणि तेराव्या राउंडमध्ये तो लुईशी अदलाबदली करायला उभा राहिला. तू एक मार, मी एक मारतो. राउंड संपायला दोन सेकंद असताना खाली पडलेल्या कॉनवर रेफ्रीने दहा मोजले.

नंतर पत्रकारांनी विचारलं, असं का केलंस? त्यावर कॉनचं उत्तर फार प्रसिद्ध आहे: आयरिश असून मूर्खपणा करता येत नसेल, तर आयरिश असण्याचा उपयोग काय?

मामा खूश झाले. त्यांच्या दृष्टीने मी त्यांचीच बाजू सांगितली होती. "बघ. शेवटी उभं ऱ्हावंच लागतं. आन् उभा ऱ्हायला की संपला."

मी म्हटलं, मामा, तो पळाला म्हणून नाही हरला. पळायचा थांबला म्हणून हरला.

तिढा आहे तो इथे. निसटणारा बॉक्सर दादा चॅम्पियनला त्रास देऊ शकेल का, हा प्रश्नच मला आता फसवा वाटतो. त्रास तो देतोच, जवळजवळ दर वेळी देतो. प्रश्न आहे तो किती वेळ, हा. मारणाऱ्याला पंचेचाळीस मिनिटांत एकदा बरोबर ठरायचं असतं. चुकवणाऱ्याला पंचेचाळीसही मिनिटं बरोबर राहायचं असतं. आणि त्या काळात सगळ्यांत घातक गोष्ट समोरच्याच्या ठोशात नसते. बाराव्या राउंडमध्ये आपला स्वतःचा ठोसा लागतो, समोरचा डुलतो, लोक ओरडतात आणि आपल्याला वाटतं की आपणही मारणारेच आहोत. चुकवणाऱ्याला आतून कायम थोडी लाज वाटत असते. मला वाटायची. टाळ्या सूर मारून गडी टिपणारीला मिळायच्या, पळणारीला नाही.

कॉनची पुढची कहाणी सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४२मध्ये पुन्हा लढत व्हायची बोलणी होती. त्याआधी एका घरगुती समारंभात कॉनचं सासऱ्याशी वाजलं. सासरा जुना बेसबॉल खेळाडू, लग्नाच्या विरोधात होता. जावयाने सासऱ्याला ठोसा मारला आणि स्वतःचा हात मोडून घेतला. लढत लांबली. मग दोघेही लष्करात गेले आणि प्रत्यक्षात ती झाली थेट १९४६ साली. त्या वेळी लुई म्हणाला होता की तो पळू शकेल, पण लपू शकणार नाही. कॉनचे पाय तोवर गेलेले होते. आठव्या राउंडमध्ये संपलं. सासऱ्याचा प्रसंग ऐकून मामांचं कॉनबद्दलचं मत एकदम सुधारलं. "मग गडी भारी हाय!"

मामांची शंका मात्र शिल्लक होती: तो लांब राहिला असता तर जिंकला असता कशावरून? शंका रास्त आहे, आणि योगायोग असा की तिचं उत्तर त्याच जो लुईपाशी आहे. फक्त ते माझ्या सोयीचं नाही.

५ डिसेंबर १९४७, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर जर्सी जो वॉलकॉट. वय ३३, पोरंबाळं, हाताला मिळेल ते काम करत मधूनमधून लढणारा, कोणाच्या खिजगणतीत नसलेला. पण हुलेचा खरा कारागीर. त्याची एक खोड होती: लढता लढता पाठ वळवून दोन पावलं चालायला लागायचा, जसं काही मैदान सोडून घरी निघालाय, आणि समोरचा गोंधळून पुढे आला की वळून मारायचा. त्याने लुईला पहिल्या राउंडमध्ये पाडलं, चौथ्यात पुन्हा पाडलं. शेवटच्या राउंडांत त्याने तेच केलं जे कॉनला सांगूनही त्याने ऐकलं नव्हतं. आपण पुढे आहोत या भरवशावर तो लांब राहिला. शहाण्यासारखा पळाला.

घंटा झाली. लुईला स्वतःलाच इतकी खात्री होती की आपण हरलो, की निकालाआधीच तो रिंग सोडून निघाला होता. त्याला थांबवावं लागलं. रेफ्री रुबी गोल्डस्टीनने लढत वॉलकॉटला दिली होती. दोन्ही पंचांनी लुईला. दोन विरुद्ध एक. लुई वॉलकॉटजवळ गेला आणि म्हणाला, "सॉरी, जो."

म्हणजे कॉन भिडला म्हणून हरला आणि वॉलकॉट भिडला नाही म्हणून. मग माणसाने करायचं तरी काय?

मला वॉलकॉटचा हा निकाल कॉनच्या पराभवापेक्षा जास्त लागतो. कॉनने आपलं आपण ओढवून घेतलं. वॉलकॉटचं नुकसान बघणाऱ्यांच्या डोळ्यांनी केलं. बॉक्सिंगच्या निकषांत बचाव लिहिलेला आहे, नाही असं नाही. पण न लागलेला ठोसा पंचाला दिसणार कसा? तो मोजणार काय? पुढे येणारा माणूस काहीतरी करतोय असं वाटतं आणि मागे जाणारा काहीतरी टाळतोय असं. त्यातून चॅम्पियनचं पद काढून घ्यायचं तर ते हिसकावूनच घ्यायला हवं, अशी एक समजूत त्या खेळात मुरलेली आहे. जिमी यंगचंही तेच झालं. फिलाडेल्फियाचा हा गडी १९७६मध्ये वजन वाढलेल्या मोहम्मद अलीसमोर पंधरा राउंड टिकला, त्याला भरपूर चुकवलं, पण अडचणीत आला की डोकं सरळ दोरांबाहेर काढायचा. कायद्याने चालतं, दिसायला वाईट दिसतं. निकाल अलीला. पुढच्या वर्षी सान हुआनमध्ये यंगने जॉर्ज फोरमनला गुणांवर हरवलं, शेवटच्या राउंडमध्ये खाली बसवलं, आणि फोरमन त्यानंतर दहा वर्षं रिंगकडे फिरकला नाही, धर्मोपदेशक झाला. यंगला मात्र विजेतेपद कधीच मिळालं नाही.

आपल्या खो-खोचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४च्या सुमारास ज्यांनी या खेळाचे नियम बसवायला घेतले, त्यांनी बाकी काय केलं असेल नसेल, पण निसटण्याला घड्याळ लावणारी परंपरा त्यातूनच उभी राहिली. आपल्याकडे बातमीत छापून येतं: अमुकने २ मिनिटं ४० सेकंद पळतीचा खेळ केला. केला! टाळला नव्हे. आठवीत असताना माझं नाव एकदा असंच आलं होतं, जिल्हा पातळीच्या अंतिम सामन्याच्या बातमीत, अकराव्या पानावर खाली. सामना आम्ही जिंकलो होतो. मैदानावर सगळ्यांनी खांद्यावर घेतलं ते खुंटावर सूर मारणाऱ्या मुलीला, आणि ते योग्यच होतं, तिचे दोन्ही कोपर सोलले होते. पण माझे सेकंद कोणीतरी मोजले होते. न्यूयॉर्कमध्ये तशी घड्याळवाली बाई असती तर वॉलकॉट १९४७मध्येच जगज्जेता झाला असता. झाला तो शेवटी १९५१मध्ये, ३७व्या वर्षी, तोपर्यंत लुई त्या पदावरून गेलेला होता.

"मग जिंकतं कोण?" मामांनी विचारलं. आता ते खरंच विचारत होते.

जिंकतात, मामा, पण त्यांच्यात बहुधा हुलेशिवाय आणखी काहीतरी असतं. बहुतेक वेळा नुसता आकार. तेव्हाचा जगज्जेता सनी लिस्टनची दहशत टायसनइतकीच होती, फ्लॉइड पॅटरसनला त्याने दोनदा पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं होतं. २५ फेब्रुवारी १९६४ला मायामी बीचवर २२ वर्षांचा कॅशियस क्ले (पुढचा मोहम्मद अली) त्याच्यासमोर आला तेव्हा सट्ट्याचा भाव सातास एक होता. लोकांना आठवतो तो क्लेचा नाच आणि तोंडाचा पट्टा. पण क्ले सहा फूट तीन इंच होता, २१० पौंडांचा. लिस्टनपेक्षा उंच आणि वजनात जेमतेम आठ पौंडांनी कमी. कॉनसारखं कळशीभर अंतर तिथे नव्हतं. चौथ्या राउंडनंतर क्लेच्या डोळ्यांत काहीतरी गेलं, दिसेना. तो ओरडत होता की हातमोजे काढा. त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने त्याला ढकलून बाहेर काढलं आणि सांगितलं की पळ. पाचव्या राउंडचा बराच भाग त्या पोराने जवळपास आंधळेपणी काढला, एक हात लांब करून लिस्टनच्या डोक्याचा अंदाज घेत. माझ्या मते हेवीवेटच्या इतिहासातली सर्वांत सुंदर तीन मिनिटं ती आहेत, आणि त्यात त्याने जवळजवळ कोणालाच मारलेलं नाही. सहाव्यानंतर लिस्टन स्टुलावरून उठला नाही.

उसिकचंही तसंच. तो फ्युरीपुढे बारका दिसतो, पण २२० पौंडांच्या आसपासचा माणूस बारका नसतो. शिवाय डावखुरा. शिवाय नवव्या राउंडमध्ये फ्युरी डगमगला तेव्हा उसिक मारत सुटला, पण रेफ्रीने मोजणी केल्यावर पुढच्या राउंडला तो पुन्हा आपल्या कामाला लागला. कॉनला बाराव्यानंतर जे जमलं नाही ते हे. तरी निकाल तिथेही दोन विरुद्ध एकच आला.

टायसनपुढे काय झालं असतं, याचं माझं उत्तर मामांना आवडणार नाही म्हणून मी हळूच दिलं. १९८८च्या टायसनपुढे कॉन चार राउंड टिकला असता. कॉनचं डोकं आणि क्लेचं अंग असणारा टिकला असता आणि बहुधा जिंकलाही असता. टायसनला पुढे टोकियोत, फेब्रुवारी १९९०मध्ये, ज्याने पाडलं तो बस्टर डग्लस काही जादूगार नव्हता. उंच होता, डावा हात लांब होता आणि त्या एका रात्री त्याने तो हात आखडता घेतला नाही.

"त्या रात्री टायसन टायसन नव्हता," मामा म्हणाले. हे ठरलेलं उत्तर. यावर वाद संपतो आणि जेवण होतं.

पण त्या दिवशी जेवणानंतर मीच त्यांना कॉनची लढत लावून दिली. जुनी, काळीपांढरी, मुंग्या आल्यासारखी फिल्म. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मामांनी चष्मा चढवला. पहिले काही राउंड ते लुईच्या पायांकडेच बघत होते, कसा घेरतोय बघ, कसा घेरतोय. सहाव्या-सातव्यापासून बोलायचे थांबले. आठव्यात म्हणाले, डावा लई गोड हाय याचा. दहाव्यात सतरंजीवरून पुढे सरकले. बाराव्यात लुई हेलकावला तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

तेरावा सुरू झाला. पुढे काय होणार हे त्यांना सकाळीच सांगून झालं होतं. कॉन आत शिरला, उभा राहिला, आणि टायसनचे पस्तीस वर्षांचे भक्त असलेले माझे मामा पलटणीतल्या आवाजात फोनवर ओरडले, "लांब ऱ्हा! आरं लांब ऱ्हा की येड्या!"

मामीने आतून विचारलं, कोणावर ओरडताय?

"तू झोप," मामा म्हणाले. "जुना गडी हाय एक. ऐकत न्हाई."